दुधाच्या गाडीतलं कॉलेज

आमचं कॉलेज हमरस्त्यावर होतं. सोलापूरहून हैदराबादकडं जाणारे ट्रक दिवसभर समोरून धडधडत जायचे. मी इतिहास शिकवायची आणि ऐन लढाईत थांबून ट्रक जाऊ द्यायची. ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. मी मूळची सोलापूरची, एम.ए. झाल्यावर ही पहिलीच नोकरी. शिकवणाऱ्यांत मी एकटी बाई, त्यामुळं मुलींचं जे काही असेल ते आपोआप माझ्याकडं यायचं. मुली तरी किती होत्या? साऱ्या मिळून दोन बाकांवर मावायच्या.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एक बाक रिकामा राहिला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या दोघी आल्याच नाहीत. दोघी एकाच गावच्या. अणदूरच्या पुढं हमरस्ता सोडून आत शिरलं की लागणारं, कच्च्या रस्त्यावरचं गाव. एक लग्न झालेली होती, सासरहून कॉलेजला यायची. दुसरी बौद्ध कुटुंबातली, तिचे आईवडील रोजगार हमीच्या कामावर जायचे. सून मोठ्यानं प्रश्न विचारायची, दुसरी अवाक्षर बोलायची नाही, पण पेपरात सुनेच्या पुढं असायची. एकमेकींशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"नाव कमी करू का, मॅडम?" ऑफिसातल्या कारकुनानं विचारलं. "हजेरी भरायची न्हाय आता त्यांची."

"थांबा जरा," मी म्हटलं, "आधी बघून येते."

शनिवारी माझा एकच तास असायचा, तो संपल्यावर मी एसटीनं अणदूरला उतरले आणि तिथून चालत निघाले. पावसानं त्या साली पाठ फिरवली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याएवढीच वाढून पिवळी पडली होती. वाटेत एक बैलगाडी मिळाली, गाडीवानानं काही न विचारता मला मागं बसवून घेतलं आणि गाव आल्यावर विचारलं, "कुणाकडं?" मी सांगितलं तसा तो हसला. "मग दूध संस्थेवर जावा. सासू तिथंच घावल."

सासू खरंच तिथं होती. शाळेच्या पडवीत गावच्या सहकारी दूध संस्थेचं केंद्र होतं आणि माप घालायचं काम तिच्याकडं होतं. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा ढोकीच्या साखर कारखान्यात नुकता फिटर म्हणून लागला होता. दोन गाई, थोडी कोरडवाहू जमीन आणि सून, एवढं सगळं ती एकटी सांभाळत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माप खाली ठेवलं नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाचं दूध घेतलं, कॅनचं झाकण ठोकून बसवलं आणि मग म्हणाली, "चला घरी. चा घ्या."

चहा सुनेनं केला. ती माझ्याकडं बघून इतकी हसत होती की सांगायची गोष्ट मला तिच्या तोंडावरच दिसली. तिनं मनानं कॉलेज सोडलेलं नव्हतं.

"एसटी बंद झाली, बाई," सासू म्हणाली. "गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर गेली. गाडी रिकामी यायची, रिकामी जायची. मग येयचीच बंद झाली. आता अणदूरपस्तोर चालत जायाचं म्हणजे सकाळी एक वेळ ठीक हाय. पर परत येताना अंधार पडतो. तरण्या पोरी. म्या काय करू सांगा."

"पोरगी हुशार आहे," मी म्हटलं.

"ते मला सांगू नगा. मला ठाव हाय. रातंध्याड पुस्तकात तोंड घालून बसती, भाकरी करपवती. हुशार असल्याबिगर कोण भाकरी करपवल?"

तेवढ्यात दुसरी मुलगीही आली, मी आल्याचं तिच्या घरापर्यंत पोचलं होतं. मागोमाग तिचे वडील आले. ओट्यावर बसले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, माजी काय बी हरकत न्हाय. आमच्या घरात शिक्षणाला न्हाय म्हणायची रीतच न्हाय. फकस्त वाट दावा."

वाट माझ्याकडं नव्हती. परतायलाही एसटी नव्हती, म्हणून मी तिथंच राहिले. पहाटे मला जाग आली ती गाडीच्या हॉर्ननं. बाहेर येऊन बघते तर दूध संस्थेपुढं एक मेटॅडोर उभी. कॅन भराभर मागं चढत होते आणि ड्रायव्हरशेजारची लांब सीट रिकामी होती. ही गाडी रोज पहाटे गावोगावचं दूध गोळा करत आमच्या कॉलेजच्याच गावातल्या शीतकरण केंद्रावर यायची. कॉलेजपासून ते केंद्र हाकेच्या अंतरावर. रिकामे कॅन घेऊन ती अकराच्या सुमाराला परत निघायची, हेही मला माहीत होतं, कारण माझ्या घराच्या खिडकीतून मी ती रोज बघायची.

"मावशी," मी म्हटलं, "ही गाडी."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं.

"दुधाच्या गाडीत पोरी?"

"का नाही?"

"लोक काय म्हणतील?" असं ती म्हणाली खरी, पण विचारल्यासारखं नाही, नुसतं सवयीनं. मग पदर खोचत म्हणाली, "म्या बसते की संगं. मग कोण काय म्हणतंय बघू."

ड्रायव्हर पिकल्या दाढीचे मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेरेकू क्या बी नै, बाई. लेकिन दूध किसीके वास्ते रुकता नै. हार्न बजा, आना. नै आये तो मैं चला. चेअरमनसाबको पूछो." आणि खरंच कुणासाठी न थांबता गाडी निघून गेली.

दूध संघाच्या चेअरमनांना विचारायला मी सोमवारी शीतकरण केंद्रावर गेले. आमच्या भागात त्या काळी जो दूध संघात असायचा तोच कॉलेजच्या मंडळावर असायचा, त्यामुळं ते मला ओळखत होते.

"गाडी दुधासाठी आहे, मॅडम," ते म्हणाले. "आज तुमच्या पोरी बसल्या, उद्या सगळं गाव बाजाराला म्हणून बसंल."

"सगळं गाव नको. कॉलेजच्या मुली आणि त्यांच्याबरोबर एक मोठी बाई. ड्रायव्हरशेजारची सीट रोज मोकळी येते. तुमचंच कॉलेज, तुमचीच गाडी. बाहेरचं कुणी नाहीच यात."

ते थोडं हसले. "बरं, बसू द्या पोरी. पण गाडी आली सकाळी, तुमचं कॉलेज भरतं दुपारी. त्याचं काय?"

तेच तर पुढचं काम होतं. प्राचार्यांच्या खोलीत मी सरळ जाऊन सांगितलं की कॉलेज सकाळी भरवू या.

त्यांनी चष्मा काढला. "दोन मुलींसाठी?"

"सर, तुम्ही माझ्याबरोबर वर्गात चला."

ते आले. मी मुलांना विचारलं, कॉलेज सकाळी सुटलं तर कुणाकुणाला सोयीचं? आधी कुणी हललं नाही, कारण प्राचार्य उभे होते. मग मागचा एक मुलगा उठला. "सर, दुपारी मोकळं झालो तर मला कामावर जाता यील. आत्ता येक दिवस काम करतो, येक दिवस कॉलेजला येतो." त्याच्या मागोमाग हात वर होत गेले. निम्म्याहून जास्त वर्ग हात वर करून बसला. मला मुलींचं ठाऊक होतं, पण मुलगे असे एकदिवसाआड शिकतात हे त्या दिवशीच समोर आलं. प्राचार्यांनी सगळ्यांकडं नीट बघून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हणजे मला पहाटे उठवणार तुम्ही." आणि पुढच्या आठवड्यापासून कॉलेज सकाळी भरायला लागलं.

पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभी होते. मेटॅडोर थांबली. आधी सासू उतरली, मग सून, मग ती अबोल मुलगी. तिघींच्या अंगाला दुधाचा वास येत होता. चाचांनी खिडकीतून डोकं काढून बजावलं, "ग्यारा बजे. नै आये तो मैं चला."

सासू व्हरांड्यात बसली. पिशवीतून वाती वळायचा कापूस काढला आणि कामाला लागली. मी तिला सावलीला खुर्ची दिली, ती तिनं बाजूला ठेवली आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. वर्गाच्या दाराशी बसलेल्या बाईला सगळंच ऐकू जात होतं. दोनचार दिवसांनी मी शिकवत असताना ती बाहेरून म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला की वो. त्या राजाचं फुडं काय झालं ते कळंना."

वर्ग हसला. मी म्हटलं, "आतच या, मावशी."

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. मुलींच्या बाकावर सुनेशेजारी येऊन बसली. कापूस मांडीवर, कान माझ्याकडं. तिला लिहितावाचता बेताचंच येत होतं, पण गोष्ट तिच्या नीट लक्षात राहायची. सून पाठ करायला बसली की म्हणे ती चुलीपुढून विचारायची, "आन् मग तहाची बोलणी कुणी मोडली? ते सांग आधी." दोघी मुली त्या वर्षी चांगल्या मार्कांनी पास झाल्या.

शेवटचं वर्ष मात्र सोपं गेलं नाही. पाऊस दुसऱ्यांदा रुसला. चारा मिळेना, गाई आटल्या. वाटेवरच्या प्रत्येक गावात कॅन अर्धे भरायला लागले. हिवाळा संपता संपता चेअरमनांनी मला निरोप न पाठवता स्वतः येऊन सांगितलं, ते त्यांच्या चांगुलपणाचंच लक्षण. "मॅडम, एवढ्याशा दुधासाठी रोज गाडी पाठवणं जमणार नाही. एक दिवसाआड पाठवू. दूध वाढलं की बघू."

मी ते मावशीला व्हरांड्यात सांगितलं. मला वाटलं, ती कपाळाला हात लावेल. तिनं विचारलं, "दूध किती पायजे त्येंला?"

"आधी येत होतं तेवढं तरी."

"मग दूध आणू."

कुठून आणणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, वाटेवरच्या दोन वाड्या आपलं दूध संघाला घालतच नाहीत. त्यांचं दूध हमरस्त्यावरच्या ढाब्यांना जातं. दुपारी ती घरी पोचली, भाकरी बांधून घेतली आणि चालत पहिल्या वाडीवर गेली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाडीवर. मी तिच्याबरोबर नव्हते, पण सून होती. नंतर तिनं मला नकला करून सगळं दाखवलं. सासू एकेका दारात उभी राहून म्हणत होती, "आमच्या केंद्रावर घाला दूध. फॅट तुमच्या डोळ्यांम्होरं काढीन. आन् एक सांगते, ती गाडी नुसती दुधाची न्हाय. तिच्यात आमच्या पोरी कॉलेजला जात्यात. तुमची पोरगी दहावीला हाय ना? मग उद्या ती कशात बसून जाईल?"

दुसऱ्या वाडीवर एका म्हाताऱ्यानं म्हणे विचारलं, "पोरीला शिकवून तुमाला काय मिळायलंय?" त्यावर ती म्हणाली, "मलाच शिकायला मिळायलंय. तुमी या येकदा, बसायला जागा हाय."

वाड्यांचं दूध आलं. एकदम पूर आला असं नाही, पण कॅन भरले. चाचांनी त्या वाड्यांवर थांबे वाढवले आणि गाडी रोज येत राहिली. चेअरमन मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमच्या मावशीला संघाच्या मंडळावर घ्यायला पाहिजे." मी म्हटलं, "घ्याच." तेव्हा ते नुसते हसले. पण पुढं दोनेक वर्षांनी खरंच घेतलं.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मावशीचा मुलगा ढोकीहून आला. कारखान्याच्या वसाहतीत त्याला दोन खोल्यांचं घर मिळालं होतं. त्याला बायकोला न्यायचं होतं, आणि ताबडतोब. घरी आईनं काय उत्तर दिलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच मेटॅडोरमध्ये मागं कॅनजवळ बसून कॉलेजवर आला. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली आम्ही उभे राहिलो. तो, त्याची आई, त्याची बायको आणि मी.

"मॅडम, तुमीच सांगा," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "पाळीवरनं आलो की हातानं भाकरी थापतो. घर मिळालंय तर बायको नको का? परीक्षा काय, पुढल्या साली बी देता येती."

मी बोलायच्या आत त्याची आई बोलली. "भाकरीचंच हाय ना? म्या येते ढोकीला. म्या थापते तुला भाकऱ्या. हिचे पेपर होऊ दे."

"अन् गाई? आन् संस्था?"

"बघतील शेजारचे."

"आई, तू तिथं येऊन बसणार आन् ही इथं? लोक हसतील मला."

"हसू दे. हसून हसून किती हसतील?"

तेव्हा सून पुढं झाली. सासूपुढं नवऱ्याशी ती चारचौघांत कधी बोलली नसेल. तिनं त्याच्याकडं बघूनच सांगितलं. "मी येणार हाय. मला तिथं येयचंच हाय. पर पुढल्या साली परीक्षा म्हणजे कधीच न्हाय, ते तुमाला बी ठाव हाय, मला बी. उन्हाळ्यात पेपर हायत. शेवटला पेपर झाला की तुमी इथं फाटकाशी या. मी इथूनच तुमच्या संगं येते."

त्यानं आईला विचारलं, "दूध किती निघायलंय आता?" ती म्हणाली, "गाडी भरतीय." एवढंच. अकराच्या गाडीनं तो परत गेला. जाताना मला म्हणाला, "चांगली पास करा तिला." मी म्हटलं, "ती होईल, मी काय करणार?"

परीक्षेचे पेपर दुपारचे होते, आणि गाडी अकराला निघणार. त्यामुळं पेपर संपेपर्यंत दोघी मुली माझ्या घरी राहिल्या, आणि मावशी अर्थातच त्यांच्याबरोबर. माझं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागं मोरी. मावशीनं पहिल्याच संध्याकाळी माझा स्टोव्ह उचलून खिडकीपाशी नेला, डबे सगळे नव्यानं लावले आणि मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. "तुमी शिकवा," म्हणाली, "हे माज्याकडं." चार बायका एका घरात पाय दुमडून राहिलो, पण त्या दिवसांत मी जेवढं चांगलं खाल्लं तेवढं त्या नोकरीत कधी खाल्लं नाही. अबोल मुलीचे वडील एका दुपारी कामावरून तसेच, अंगावरची माती न झटकता आले. लेकीनं त्यांना पेपर कसा गेला ते सांगितलं. त्या मुलीला एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते समाधानानं ऐकत होते, मधूनच "आस्सं" म्हणत होते. पाणी प्यायले आणि निघून गेले.

शेवटच्या पेपरच्या दिवशी नवरा खरंच फाटकाशी उभा होता. त्यानं नवा शर्ट घातला होता. सून बाहेर आली, सासूच्या पाया पडली, माझ्या पाया पडायला वाकली तशी मी तिला धरलं. मैत्रिणीच्या गळ्यात पडून मात्र ती रडली. सासू तिच्या पिशवीत चटणीची बरणी कोंबत म्हणाली, "रडायचं काय त्यात? ढोकी काय परदेशात न्हाय." दोघं एसटी स्टँडकडं चालायला लागली तेव्हा ती पुढच्या वळणापर्यंत बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "आता घर मोठं वाटल."

निकाल लागला. दोघी वेळेवर पदवीधर झाल्या, अबोल मुलीला तर प्रथम वर्ग मिळाला. पुढं ती पंचायत समितीत नोकरीला लागली आणि वडिलांना कामावर जाणं तिनंच बंद करायला लावलं. सुनेनं ढोकीच्या वसाहतीत आधी घरीच मुलांच्या शिकवण्या घेतल्या, मग बी.एड. केलं आणि तिथल्या शाळेत शिकवायला लागली. इतिहास शिकवते म्हणून मला कळवलं, ते वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले.

सून ढोकीला गेली त्यानंतर दोन वर्षांनी, जूनमध्ये मी प्रवेशाच्या टेबलावर बसले होते. समोर वाडीवरची एक बाई, शेजारी तिची बारावी संपवलेली लेक, दोघींच्या पायांवर धूळ. बाईनं मागं बोट दाखवलं. फाटकाशी मावशी उभी होती आणि चाचांना काहीतरी सांगत होती.

"त्यांनी सांगितलं, इथं नाव घालायचं," बाई म्हणाली. "आन् म्हणल्या, उद्यापास्नं संगं म्या बसायचं गाडीत. त्येंला आता मीटिंगा असत्यात."

मी लेकीचं नाव विचारलं, आणि विषय कुठला घेणार तेही. तिनं आईकडं बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडं काय बघतीस? तूच सांग."